कॉट्सवोल्डमधली जुनी दगडी घरं: भिंत, छप्पर आणि चुना

घडीव_चिरा

इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्ड टेकड्यांवरच्या मधाळ रंगाच्या घरांचे फोटो सगळ्यांनीच पाहिलेले असतात. फोटोत दिसत नाही ते त्यांचं बांधकाम. या धाग्यावर तेवढ्याचबद्दल बोलू: दगड कुठला, भिंत कशी रचलेली, छपराला एवढा उतार का, दुरुस्तीत काय बिघडतं. माझं मत आधीच मांडतो. या घरांचा घाट, अगदी खोलीची रुंदी आणि माळ्यावरची खिडकीसुद्धा, जवळच्या खाणीतल्या दगडाने ठरवला आहे. आणि ही घरं टिकायची असतील तर भिंतीत शिरलेल्या पाण्याला बाहेरची वाट मोकळी हवी.

दगड ऊलाइट जातीचा चुनखडक, सुमारे १७ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ, उबदार समुद्रात तयार झालेला. भिंगातून पाहिलं तर माशाच्या गाबोळीसारखे गोल दाणे एकमेकांना चिकटलेले दिसतात. नावाचा अर्थही ‘अंड्यांचा दगड’ असाच. रंग लोहामुळे येतो. उत्तरेला चिपिंग कॅम्पडेन, ब्रॉडवेकडे तो गडद मधासारखा, दक्षिणेकडे येता येता फिकट होत जातो आणि बाथजवळ सायीच्या रंगाचा होतो. एकाच गावात दोन छटा दिसल्या तर बहुतेक वेळा नंतरची भर किंवा दुरुस्ती दुसऱ्या खाणीच्या दगडात झालेली असते.

खाणीतून नुकताच काढलेला दगड ओला आणि मऊ असतो, त्यामुळे घडवायला सोपा. सुकताना आतलं पाणी विरघळलेला चुना पृष्ठभागाकडे आणतं आणि वरची कातडी टणक होते. म्हणून दगड उन्हाळ्याआधी काढून हिवाळ्यापूर्वी सुकवायचा असा शिरस्ता होता. ओला दगड थंडीत सापडला की आतलं पाणी गोठतं आणि तो फुटतो.

भिंत साधारण ४५० ते ६०० मिमी जाड. दिसते अखंड, पण असतात दोन पडदे: बाहेरचा नीट रचलेला, आतला ओबडधोबड, मध्ये कपच्या आणि चुना-मातीची भर. दोन्ही पडद्यांना बांधून ठेवायला पूर्ण जाडीचे आरपार दगड, चौरस मीटरमागे एक तरी हवा. घडीव दगड फक्त कोपऱ्यांना, खिडक्या-दारांना आणि धुराड्याला, कारण घडवायची मजुरी परवडत नसे. पाया अनेकदा ३०० मिमीसुद्धा खोल नसतो. थोडे मोठे दगड पसरून त्यावर थेट भिंत उठवलेली.

बिबरी गावातली आर्लिंग्टन रो ही सगळ्यात प्रसिद्ध ओळ. ती मुळात राहती घरं नव्हती. १३८० च्या सुमारास मठाचं लोकरीचं कोठार म्हणून बांधली गेली आणि १७व्या शतकात तिची विणकरांची घरं झाली. समोरच्या रॅक आयल या पाणथळ कुरणात लाकडी चौकटींवर कापड वाळत घालत. आज ती नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे.

छपराबद्दल वळचण यांनी लिहावं, ते माझ्यापेक्षा बारकाईने सांगतील.

वळचण

छपराची कौलं म्हणजे भाजलेली माती नाही, वेल्सची स्लेटही नाही. ती त्याच भागातल्या पातळ थरांच्या चुनखडकाची आहेत. काही ठिकाणी दगड जमिनीखालीच आपोआप पातळ थरांत सुटलेला मिळे. ऑक्सफर्डशायरमधल्या स्टोन्सफील्डला मात्र थंडीकडून फोडून घ्यावा लागे. तिथे लाद्या ओल्या काढून ओल्याच ठेवायच्या, गरज पडली तर मातीखाली झाकून, आणि कडक हिमाच्या रात्री उघड्यावर पसरायच्या. थरांमधलं पाणी गोठून फुगतं आणि लादी आपसूक सुटते. लादी एकदा पूर्ण सुकली की मग ती थंडीतही फुटत नाही, म्हणून तर ती ओली ठेवायची एवढी धडपड. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे काम थांबलं.

हा दगड जड आहे. एक चौरस मीटर छपराचं वजन १०० किलोच्या आसपास किंवा वर जातं. आपलं मंगलोरी कौल त्याच्या निम्म्याहूनही हलकं. शिवाय दगड सच्छिद्र आणि ओबडधोबड, दोन कौलं कधीच गच्च बसत नाहीत. पाणी रेंगाळलं तर आत येणारच. म्हणून उतार ५० ते ५५ अंशांचा.

आता गणित पाहा. घराची रुंदी ५ मीटर धरली तर ५५ अंशांत आढं भिंतीच्या माथ्यापासून सुमारे ३.५७ मीटर वर जातं. रुंदी ८ मीटर केली तर हीच उंची ५.७ मीटर होईल, म्हणजे भिंतीपेक्षा छप्परच मोठं. त्यामुळे घर एक खोली रुंद ठेवायचं आणि वाढवायचं ते लांबीत. आणि साडेतीन मीटर उंचीचा माळा रिकामा कोण ठेवेल? तिथे झोपायची खोली आली. तिला उजेड हवा, पण वळचण तर फार खाली. मग भिंतच त्रिकोणी माथ्याने वर उचलून त्यात खिडकी बसवली. कॉट्सवोल्डच्या घरांचे ते ओळीने दिसणारे त्रिकोण असे दगडाच्या वजनातून आणि सच्छिद्रतेतून आले आहेत. घडीव_चिरा यांचा मुद्दा याहून स्पष्ट कुठे दिसणार नाही.

कौलं वळचणीला सगळ्यात मोठी, आढ्याकडे लहान होत जातात. खाली ६०० मिमी, वर १५० मिमी असा फरक सहज असतो. प्रत्येक मापाला नाव होतं: बॅचलर, विव्हेट, मफिटी वगैरे, त्यातही लांब आणि आखूड. कौलारी खाचा पाडलेल्या पट्टीवर माप घेऊन ढीग लावत. प्रत्येक कौलाला वरच्या टोकाजवळ एक भोक, त्यात ओकची खुंटी, आणि ती खुंटी रिपेवर अडकलेली. बस्स. खिळा नाही.

कोकणी_कौल

मोठी कौलं खाली ठेवण्यामागे दिसण्यापलीकडे काय कारण? आणि माप ओळीओळीला बदलत असेल तर रिपांचं अंतर कसं ठरवायचं? आपल्याकडे मंगलोरी कौलाला एकच अंतर पुरतं.

वळचण

कारण तीन. खाणीतून सगळ्या मापांची कौलं निघतात, काहीच वाया घालवायचं नाही. मोठं वजन भिंतीजवळ ठेवलं की वाशांच्या मध्यावर भार कमी येतो. आणि सगळ्या छपराचं पाणी वळचणीशी जमतं, तिथे सांधे जितके कमी तितकं चांगलं.

रिपांचं अंतर: हे दुहेरी ओव्हरलॅपचं छप्पर आहे. म्हणजे कुठल्याही ओळीचा खालचा काठ दोन ओळी खालच्या कौलाच्या भोकावरूनही पुढे यायला हवा. सगळी कौलं एकाच मापाची असती तर सूत्र सोपं: भोकापासून खालच्या काठापर्यंतची लांबी, वजा ओव्हरलॅप, भागिले दोन. ६०० मिमीचं कौल आणि १०० मिमी ओव्हरलॅप असेल तर दिसणारा भाग २५० मिमी. ३०० मिमीचं कौल आणि ७५ मिमी ओव्हरलॅप असेल तर ११२ मिमी.

माप बदलणाऱ्या ओळींना हे सूत्र सरळ लावलं की फसतं. तिथे नियम असा: नव्या ओळीचा खालचा काठ दोन ओळी खालच्या भोकांच्या रेषेपासून ७५ ते १०० मिमी खाली आखायचा, तिथून नव्या कौलाची लांबी वर मोजायची आणि तिथे रीप ठोकायची. प्रत्येक ओळ अशी खालून वर येते. आधी सगळ्या रिपा ठोकून मग कौलं आणली तर हमखास कुठेतरी ओव्हरलॅप ४० मिमीवर येतो आणि त्या ओळीखाली गळती सुरू होते. कामाआधी सगळी कौलं लांबीप्रमाणे लावून मोजायची, प्रत्येक मापाची एकूण रुंदी काढायची आणि त्यावरून किती ओळी भरतील ते ठरवायचं. जुनं छप्पर उतरवताना भोकं तुटलेली, काठ झिजलेली बरीच बाद होतात, ती भर आधीच शोधून ठेवावी लागते.

बाजूचा सांधाही बघायचा. वरच्या कौलाचा मध्य खालच्या दोन कौलांच्या सांध्यावर यावा. दगडाच्या रुंदी वेगवेगळ्या, त्यामुळे हे यंत्रासारखं जमत नाही, कौल निवडतच पुढे जावं लागतं.

छिन्नी

एक भर. दोन पाखी आतल्या कोनात मिळतात त्या व्हॅलीचा उतार छपरापेक्षा कमी असतो. दोन्ही पाखी ५५ अंशांची आणि काटकोनात मिळणारी असतील तर व्हॅली साधारण ४५ अंशांवर येते. पाखी ५० ची असतील तर ४० वर. त्रिकोणी माथ्यांमुळे या घरांत व्हॅली पुष्कळ, म्हणजे सगळ्यात जास्त पाणी वाहणारी जागाच सगळ्यात कमी उताराची. ५५ अंशांचा आग्रह का, त्याचं हे दुसरं उत्तर.

जुने कौलारी इथे शिसं वापरत नसत. वर रुंद, खाली निमुळती अशी कौलं घडवून ओळ एका पाखावरून दुसऱ्यावर वळवत नेत, नदीच्या वळणासारखी. हे काम येणारे हात आज थोडे आहेत. स्वस्तातल्या दुरुस्तीत व्हॅली उघडून शिशाचा पत्रा घालतात. गळती थांबते, पण छपराची सलग ओळ तुटते, आणि वारसा म्हणून नोंदणीकृत (लिस्टेड) इमारतीत परवानगीशिवाय तसं करताही येत नाही.

खुंट्यांबद्दल: ओकची खुंटी शंभर वर्षं टिकते, पण रीप सडली की कौल घसरतं. घसरलेलं कौल सिमेंटने चिकटवणं हा सगळ्यात वाईट उपाय. सिमेंट पाणी धरून ठेवतं, रीप आणखी सडते, आणि पुढच्या वेळी चिकटलेली चार कौलं एकदम फुटतात. छपराला आतून फोमचा फवारा मारणंही टाळा. लाकडाचा वारा बंद होतो, वासे आतल्या आत सडतात आणि कौलं पुन्हा वापरता येत नाहीत. पूर्वी आतून चुना आणि जनावरांच्या केसांचा हलका लेप देत. तो वारा अडवी, वाफ अडवत नसे.

घडीव_चिरा

वजनाचा आणखी एक परिणाम. एवढं जड छप्पर वाशांच्या पायांना बाहेर ढकलतं. तो जोर आडवी तुळई किंवा वाशांना जोडणारी वरची आडपट्टी धरून ठेवते. माळ्यावर डोक्याला लागते म्हणून ती आडपट्टी कापली की पाच-दहा वर्षांत भिंतीचा माथा बाहेर झुकतो. भिंत झुकलेली दिसली तर पाया खणण्याआधी माळ्यावर जाऊन काय कापलं आहे ते बघा.

पोट सुटलेली भिंत वेगळी. तिथे बाहेरचा पडदा आतल्यापासून सुटलेला असतो. पाणी आत झिरपून मधली भर खाली बसते, तिचा दाब खालच्या भागात वाढतो आणि पडदा फुगतो. हातोडीने हलकं ठोकलं तर पोकळ आवाज येतो. भिंतीतल्या भेगेवर मोजपट्टी लावून वर्षभर दर महिन्याला वाचन घ्या, म्हणजे हालचाल ऋतूप्रमाणे येते-जाते की वाढतच जाते ते कळेल. वाढत नसेल तर स्टेनलेस स्टीलच्या पिळाच्या सळ्या आणि पातळ चुन्याचा भराव पुरतो. भराव कमी दाबाने, खालून वर, थोडा थोडा द्यायचा. जोरात दिला तर तोच पडदा ढकलून पाडतो.

चुन्याची_घाणी

आता चुना. या भिंती ज्या गाऱ्यात बांधल्या तो दगडापेक्षा मऊ होता, आणि तसाच असायला हवा. भिंतीत पाणी शिरणारच, पावसाचं, जमिनीचं, घरातल्या वाफेचं. ते बाहेर पडतं ते दर्जांमधून, म्हणजे दगडांमधल्या गाऱ्याच्या सांध्यांमधून, कारण चुना दगडापेक्षा जास्त सच्छिद्र. झीज व्हायची ती दर्जेची व्हावी. दर्ज शंभर वर्षांनी पुन्हा भरता येते, दगड पुन्हा भरता येत नाही.

सिमेंटने दर्जा भरल्या की वाट उलटी होते. पाणी दगडातून बाहेर पडू लागतं, सोबतचे क्षार दगडाच्या कातडीखाली स्फटिक होऊन साचतात. आपल्याकडे भिंतीला लोणा लागतो तसाच प्रकार. दगडाचा चेहरा पापुद्रे होऊन गळतो, वर थंडीत गोठणं आहेच. वीस-तीस वर्षांनी दगड आत गेलेले आणि सिमेंटची जाळी मधाच्या पोळ्यासारखी बाहेर उरलेली दिसते.

दर्जा भरायचं काम असं: जुना सुटा गारा दर्जेच्या रुंदीच्या दुप्पट, किमान २५ मिमी खोल काढायचा. छिन्नी आणि हातोडी, अँगल ग्राइंडर नाही. त्याचं पातं एकदा दगडाच्या काठाला लागलं की ती खूण कायमची. ब्रशने धूळ झाडून आदल्या संध्याकाळी आणि भरण्याआधी भिंत ओली करायची. ओली म्हणजे दमट, निथळणारी नाही. कोरडा दगड गाऱ्यातलं पाणी शोषून घेतो, मग चुना घट्ट न होता भुगा होतो. बहुतेक वाईट कामांचं कारण हेच.

वाळू टोकदार, वेगवेगळ्या मापांच्या दाण्यांची, सगळ्यात मोठा दाणा दर्जेच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. प्रमाण आकारमानाने १ भाग चुना, अडीच ते ३ भाग वाळू. दर्ज खोल असेल तर २० मिमीच्या थरांत भरा. गारा दगडाच्या चेहऱ्यावर पसरू देऊ नका. अंगठा दाबून खूण उमटत नाही पण नखाने ओरखडा पडतो, तेव्हा ताठ केसांच्या ब्रशने ठोकायचं. ओढायचं नाही. ठोकल्याने वरची चुन्याची साय मोडते, वाळूचे दाणे उघडे पडतात आणि दर्जेचा श्वास मोकळा होतो. मग ओल्या गोणपाटाने किमान आठवडाभर झाकायचं. तापमान ५ अंशांखाली जाणार असेल तर काम सुरूच करू नका. एप्रिल ते सप्टेंबर हा हंगाम.

छिन्नी

चुना कोणता ते सांगितलं नाहीत. बाजारात एनएचएल (नैसर्गिक हायड्रॉलिक चुना, पाण्यानेही घट्ट होणारा) २, ३.५ आणि ५ असे तीन प्रकार मिळतात आणि बरेच गवंडी सरसकट ५ वापरतात, लवकर घट्ट होतो म्हणून. कॉट्सवोल्डच्या मऊ दगडाला तो नको. ते आकडे २८ दिवसांच्या किमान ताकदीचे आहेत, मेगापास्कलमध्ये. पण एनएचएल ५ ची मर्यादा ५ ते १५ अशी आहे, आणि ताकद पुढे वाढतच राहते. म्हणजे हातात आलेली गोणी नेमकी किती टणक होणार हे गोणीवरच्या आकड्यावरून कळत नाही. मी भिंतीला ३.५ पेक्षा वर जाणार नाही. ५ ठेवावा धुराड्याच्या माथ्याला आणि जमिनीच्या थराला.

चुन्याची_घाणी

बरोबर, आणि मी त्याही पुढे जाईन. आडोशाच्या भिंतीला २ सुद्धा पुरतो, आणि जिथे वेळ आहे तिथे कळीच्या (न विरलेल्या) चुन्याचा गरम गारा सगळ्यात चांगला. १ भाग कळीचा चुना आणि ३ भाग ओलसर वाळू एकत्र करून पाणी घालायचं. चुना विरताना जवळपास दुप्पट फुगतो, त्यामुळे प्रत्यक्षात गारा बराच तुपट होतो. जुने नमुने तपासले की त्यात न विरलेल्या चुन्याचे पांढरे खडे दिसतात, ते याच पद्धतीचे. तापमान १०० अंशांवर जातं. चष्मा, हातमोजे, लांब बाह्या आणि डोळे धुवायला पाणी जवळ हवंच. आपल्याकडे घाणीत मळलेल्या चुन्याला महिनोन्‌महिने मुरवायची रीत आहे, त्याच्याशी तुलना करू नका. तिथे हवा कोरडी आणि उबदार, इथे वर्षातले सहा महिने चुना हवेतला कार्बन वायू घ्यायलाच कुरकुरतो. साधारण महिन्याला एक मिमी एवढीच खोली घट्ट होते. म्हणून थंडीच्या तोंडावर भरलेली दर्ज आतून कच्ची राहते आणि पहिल्या हिमात सुटते.

आणि एक कळकळीची सूचना: दगडाला घट्ट धरलेलं जुनं सिमेंट हट्टाने काढू नका. काढताना काठ तुटतात. सैल झालेलं तेवढं काढा, बाकीचं सुटेपर्यंत थांबा.

ओसरी

दगडी घर घेतलं की पहिल्यांदा ‘राइझिंग डॅम्प’ (जमिनीतून भिंतीत चढणारी ओल) चा अहवाल हातात पडतो आणि भिंतीत रसायन टोचायचा सल्ला मिळतो. दोन गोष्टी लक्षात ठेवा. दोन सुया टोचायचं विजेवर चालणारं यंत्र लाकडासाठी बनवलेलं आहे. दगडात क्षार असले की कोरड्या भिंतीतही ते ओल दाखवतं. खरी मोजणी करायची तर भिंतीचा चुरा काढून वजन करा, सुकवा, पुन्हा वजन करा. दुसरं, मधल्या भरीत पोकळ्या असतात, टोचलेलं रसायन सलग थर बनवूच शकत नाही. वर रसायन टोचणाऱ्यांनी दिलेला सिमेंटचा गिलावा ओल झाकतो आणि ती वर ढकलतो.

खरं कारण बहुतेक वेळा बाहेर सापडतं. शतकानुशतकं रस्ता, बागेची माती, फरशी चढत गेलेली असते आणि बाहेरची जमीन आतल्या फरशीच्या वर आलेली असते. ती आतल्या पातळीच्या १५० ते २०० मिमी खाली न्या. जमत नसेल तर भिंतीपासून सरकून चर खणा: १०० मिमीचा भोकांचा पाइप, २० मिमीची धुतलेली खडी, भोवती जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड), ८० ते १०० मीटरला एक मीटर उतार, आणि पाणी जिथे सोडायचं ती जागा आधी ठरवलेली. पायाच्या तळापेक्षा खाली एक इंचही जायचं नाही. आधी एक छोटा खड्डा खणून पाया किती खोल आहे ते बघा, ३०० मिमीचे पाये म्हटलं आहेच वर. मग पन्हळी बघा, तुंबलेल्या, निखळलेल्या. मग बंद केलेली धुराडी: वर टोपी आणि खाली हवेची जाळी दोन्ही नसतील तर आतल्या काजळीतले क्षार ओल ओढतात आणि शेगडीच्या भिंतीवर तपकिरी डाग येतात.

आतल्या फरशीखाली प्लास्टिक घालून काँक्रीट टाकलं की जमिनीतली ओल कडेने भिंतींकडे वळते. त्याऐवजी खाली १५० ते २०० मिमी फोम काचेचे खडे, वर १०० मिमी चुन्याचं काँक्रीट, त्यावर जुन्या लाद्या चुन्यातच.

उंबरठा

ओसरी, फरशीबद्दल एक मोठा अपवाद. कॉट्सवोल्डच्या काही भागांत जमिनीतून रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू येतो. तीन महिने डिटेक्टर ठेवून मोजणी करा. २०० बेकरेल प्रति घनमीटरच्या वर निघाला तर वायू रोखायचा थर किंवा पंखा लावलेला खड्डा लागतो, तिथे ‘श्वास घेणारी’ फरशी एवढंच धोरण चालणार नाही. फरशी उकरायच्या आधी मोजा.

कायद्याचंही लिहितो. १७०० पूर्वीची, मूळ रूपात बऱ्यापैकी टिकलेली जवळपास सगळी घरं नोंदणीत असतात. इंग्लंडमधल्या नोंदींत सुमारे २.५ टक्के पहिली श्रेणी, ५.८ टक्के दुसरी तारांकित, बाकी सगळी साधी दुसरी. श्रेणी कुठलीही असो, संरक्षण आतल्या भागालाही आहे: जिना, फळ्यांची भिंत, जुना गिलावा. १ जुलै १९४८ पूर्वीपासून आवारात असलेली कुंपणाची भिंत आणि गोठाही त्यात येतो. परवानगीविना बदल हा फौजदारी गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि पूर्ववत करण्याच्या नोटिशीला मुदतीची मर्यादा नाही, ती नव्या मालकावरही येते. म्हणून विकत घेताना प्लास्टिकच्या खिडक्या, गायब झालेली शेगडी दिसली तर त्याची परवानगी कागदावर मागा.

छपराला हात लावण्याआधी वटवाघळं आहेत का हे तपासायलाच हवं. ती आणि त्यांचे निवारे कायद्याने संरक्षित आहेत, रिकामा निवारासुद्धा. पाहणी उन्हाळ्यात करावी लागते, म्हणून छपराचं वेळापत्रक एक वर्ष आधी आखा.

झरोका

खिडक्यांवर अजून कोणी लिहिलं नाही. दगडी उभ्या दांड्यांनी दोन, तीन, चार भाग केलेली खिडकी, वर पुढे आलेली दगडी पट्टी. ती पट्टी शोभेची नाही. तिच्या खालच्या बाजूला एक खोबण असते, पाणी भिंतीवर न वाहता तिथे तुटून थेंबाने खाली पडतं. रंगाने किंवा गाऱ्याने ती खोबण बुजली की खिडकीच्या वर आतून ओल येते. खिळ्याने साफ करा, पाच मिनिटांचं काम.

दांड्याला चिरा दिसल्या तर आत लोखंड आहे असं समजा. शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या काचेला आधार द्यायला आडवे गज दगडात रोवलेले असतात. गंजताना लोखंड कित्येक पट फुगतं आणि दगड आतून फोडतं. नुसती चीर बुजवून उपयोग नाही. गजाचं टोक कापून तिथे स्टेनलेस स्टील किंवा ब्राँझचं टोक जोडायचं आणि भोक शिशाने किंवा चुन्याने भरायचं.

दांडा बदलायचाच झाला तर दगडाचे थर तपासून घ्या. भिंतीत दगड खाणीत होता तसाच, थर आडवे ठेवून बसवतात. थर भिंतीच्या चेहऱ्याला समांतर उभे राहिले तर वहीच्या पानांसारखे एकेक सुटत जातात. नव्या कामांत ही चूक फार दिसते.

शेगडीबद्दल एक गंमत नव्हे, उपयोगी खूण: लोह असलेला पिवळा दगड तापला की गुलाबी होतो आणि तो रंग परत जात नाही. साध्या भिंतीत गुलाबी दगडांचा पट्टा सापडला तर तिथे पूर्वी चूल होती किंवा ते दगड जुन्या चुलीतून आले आहेत. आणि धुराड्याच्या आतला जुना लेप चुना आणि शेणाचा असे. शेणाचं नाव काढल्यावर इथल्या कोणाला समजावून सांगायला नको.

कोकणी_कौल

जांभ्याची आठवण येते. जांभाही खाणीतून मऊ निघतो, हवेत टणक होतो, आणि सच्छिद्र असतो. त्याच्यावर सिमेंटचा गिलावा चढवल्यावर होणारी गत ओळखीची आहे. दख्खनचा काळा दगड मात्र पाणी फारसं पीत नाही, त्यामुळे वाड्याच्या जोत्याचे नियम इथे लावता येणार नाहीत.

शेवटचा प्रश्न: हिवाळ्यात ही घरं थंड पडतात. आतून इन्सुलेशन लावावं का?

ओसरी

लावता येतं, पण थोडं. फॉइलचे फोम बोर्ड नकोत. भिंतीचा आतला चेहरा थंड राहतो, वाफ मागे जाऊन पाणी होते आणि तुळईचं भिंतीत रोवलेलं टोक सडतं. ४० ते ६० मिमीचे लाकडाच्या तंतूचे बोर्ड, मागे पोकळी न ठेवता चुन्याच्या सपाट लेपावर दाबून बसवलेले आणि वरून चुन्याचाच गिलावा. किंवा भांग-चुन्याचा गिलावा. जाडी वाढवली तर भिंत आणखी थंड पडते, म्हणून जास्त म्हणजे चांगलं असं इथे नाही.

पण आधी क्रम पाळा. ओली भिंत सुक्या भिंतीपेक्षा खूप जास्त उष्णता घालवते. पन्हळी, बाहेरची माती, दर्जा आणि सिमेंटचा गिलावा यांचं काम झाल्यावर एवढ्या जाडीची भिंत सुकायला एक-दोन वर्षं लागतात. तोवर माळ्यावर वाशांमध्ये मेंढीची लोकर किंवा लाकडाचे तंतू घाला, वळचणीशी ५० मिमी हवेची फट सोडून. खिडक्यांना आतून दुसरी काच, दारांना वारा अडवणाऱ्या पट्ट्या. इन्सुलेशनचे बोर्ड मागवायचे ते यानंतर, भिंतीच्या चुऱ्याचं वजन दोन मोजण्यांमध्ये स्थिर आल्यावरच.

वळचण

माळ्यावर काम चालू असताना रिपांना आतून टोचणी लावून बघा. सुई सहज ५ मिमी आत गेली तर लोकर घालू नका, आधी कौलं उतरवा. नाहीतर दोन वर्षांनी तीच लोकर काढून फेकावी लागेल. आणि उतरवताना प्रत्येक ओळीची कौलं वेगळ्या ढिगात, ओळीचा क्रमांक खडूने लिहून ठेवा.